या कपड्यामागचे हात

आमच्या कपड्यांच्या लेबलची सुरुवात माझ्या कात्रीने झाली, हे आता कुठेही लिहिलेलं सापडणार नाही. लेबल चालू आहे, उत्तम चालू आहे. अधूनमधून एखादी ओळखीची बाई त्या लेबलचा कुडता घालून भेटते आणि म्हणते, "बघ ना, खांद्यावर किती छान बसतो!" बसणारच. तो खांदा मी कापलाय. लेबलचं नाव मात्र मी इथे लिहीत नाही. फुकटची जाहिरात कशाला करायची?

तेव्हा मी एका खासगी फॅशन कॉलेजात पॅटर्न कटिंग शिकवत होते. मुलं वर्षभर झगमगीत गाऊन शिवायची, शेवटी एकदा रॅम्पवर मिरवायची आणि मागच्या खोलीत चिंध्यांचा ढीग टाकून घरी जायची. तो ढीग बघून माझं डोकं फिरायचं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी बसून एक कुडता बसवला. त्यात हातमागाच्या कापडाचा सगळा पन्हा वापरला जायचा, आणि कापून झाल्यावर जमिनीवर काही म्हणजे काही पडायचं नाही. गळ्याचा निघालेला तुकडा खिशाला, बाजूचा तिरका तुकडा काखेला. सांगायला सोपं आहे. करताना मात्र सुट्टी सगळी गेली, आणि वारज्याच्या आमच्या घरात दिवाणखानाभर खाकी कागद पसरलेले असल्यामुळे बाबांना दीड महिना पेपर बाल्कनीत बसून वाचावा लागला. त्यांनी कुरकुर केली नाही. एकदा फक्त विचारलं, "हे सरकारी नकाशे कधी मंजूर होणार?"

तो कुडता मी माझ्या एका मैत्रिणीला दाखवला. ती चित्रकार. एरंडवण्यात आजोबांनी बांधलेला बंगला, बंगल्यामागे आउटहाउस आणि त्यात तिचा स्टुडिओ. ती मला मनापासून आवडायची, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचा राग नीट कळायचा नाही. मोकळी होती, मोठ्याने हसायची, कॉलेजातल्या राजकारणाने मी वैतागलेली असले की मला समोर बसवून कांदेपोहे खायला घालायची. कुडता बघून ती उडालीच. "यार, हे आपण करायचं. मी कापडावर रंगवते, तू काप." तिचा एक मित्र होता, लाकडाचे ठसे कोरून छापे काढणारा. फार कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते कुणालाच न दुखावणारं. तोही आला. अशी आम्ही तिघं मिळून लेबल काढायला निघालो. कापड हातमागाचं, काम पुण्यातच, घाई नाही, कुणाची पिळवणूक नाही.

स्लो फॅशन म्हणजे काय हे मी आईला समजावून सांगितलं. आई शाळेत शिक्षिका होती, ती कुठलीही गोष्ट आधी तपासून घेते. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे आपला कोपऱ्यावरचा टेलर. दिवाळीचा ब्लाउज होळीला देतो तो."

पहिले काही महिने फार मजेत गेले. भांडणंसुद्धा मजेची होती. मैत्रीण अख्खं कापड भिंतीवर ताणून कॅनव्हाससारखं रंगवायची, आणि मग ते मला कापावं लागायचं. पहिल्यांदा मी तिच्या चित्राला कात्री लावली तेव्हा ती खोलीतून उठून गेली आणि बाहेर पायरीवर पाठ करून बसली. शिवून आल्यावर बघतो तर पक्ष्याची मान काखेत आणि शेपूट खिशात. हसून हसून पुरेवाट झाली, पण कुडता वाया गेला. मग मी एक पद्धत बसवली. रंगवायच्या आधी कोऱ्या कापडावर मी खडूने सगळा कुडता आखून द्यायचे. हा खांदा, ही बाही, इथे दुमड येईल, एवढा भाग शिलाईत जाईल. फांदी इथून सुरू कर, म्हणजे शिवल्यावर ती गळ्याशी येऊन थांबेल. पान या रेषेला अर्धं सोड, उरलेलं अर्धं त्या रेषेपासून काढ, दोन्ही बरोबर जुळतील. ती म्हणायची, "तू सांगत जा, मी रंगवत जाते." शिवून झालं की कापड झटकायचं, खडू निघून जायचा. लोक विचारायचे, चित्र अंगावर इतकं अचूक कसं येतं हो? मैत्रीण हसायची. मीही शेजारी उभी राहून हसायचे. तेव्हा त्यात मला काही खुपत नव्हतं.

शिलाईचं काम हडपसरच्या दोघी जावा करायच्या. शनिवारी मी कापलेले गठ्ठे घेऊन बसने त्यांच्याकडे जायचे, शिवलेलं घेऊन यायचे. त्या दोघींचं नाव कपड्यावर असायला हवं, ही कल्पना माझी. नुसतं 'हाताने बनवलेलं' असं छापायचं आणि हात कुणाचे ते लपवायचं, हा मला चावटपणा वाटायचा. म्हणून ठरलं, प्रत्येक कपड्याला एक कार्ड लावायचं. कुणी विणलं, कुणी रंगवलं, कुणी छापलं, कुणी कापलं, कुणी शिवलं. मैत्रिणीने मला मिठीच मारली. "यू आर आवर कॉन्शन्स," म्हणाली. म्हणजे सदसद्विवेकबुद्धी. बढती छान होती.

कार्डांचा मजकूर लिहायला मैत्रिणीची मावसबहीण आली. ती जाहिरातीत होती. फोन टेबलावर ठेवून तिने रेकॉर्डिंग चालू केलं आणि मला म्हणाली, "ताई, तुमची जर्नी सांगा ना."

मी सांगितली. आमच्या घरात ही गोष्ट सांगायची एक रीत आहे. ती पहिल्यापासून सांगायची आणि मधलं कुणी गाळायचं नाही. आजोबांचं घर लोणी काळभोरच्या पुढच्या एका गावात, गावाच्या बाहेरच्या अंगाला. आजोबांनी बौद्ध धर्म स्वीकारला आणि बाबांना शिकायला शहरातल्या वसतिगृहात पाठवलं. बाबा सरकारी खात्यात कारकून म्हणून लागले, खात्याच्या परीक्षा देत देत अधिकारी होऊन निवृत्त झाले. आई शिक्षिका. मग मी, माझा डिप्लोमा, माझी नोकरी, माझा कुडता. मैत्रीण शेजारीच बसली होती. चहा पीत, अगदी रंगात येऊन सांगितलं. सांगताना मला नेहमीसारखा अभिमान वाटत होता. मावसबहिणीचे डोळे पाणावले. आजोबांचं घर कसलं होतं, कुडाचं की मातीचं, हे तिने परत परत विचारलं. बाबांच्या खात्याबद्दल तिने काहीच विचारलं नाही. ते मला नंतर आठवलं.

मग फोटो. मैत्रिणीचा फोटो खिडकीकडे बघत असलेला, मित्राचा ठशांच्या मांडणीपुढे. माझ्या वेळी फोटोवाला म्हणाला, "तुमचे फक्त हात घेऊ." मला वाटलं, असेल काहीतरी कलात्मक. आउटहाउसमागच्या पोपडे निघालेल्या भिंतीपुढे त्याने मला उभं केलं, हातात कात्री दिली, आणि म्हणाला, "मॅडम, घड्याळ काढता का जरा? फ्रेममध्ये टोचतंय." मी काढलं.

प्रदर्शन कर्वे रस्त्याजवळच्या एका लहानशा कलादालनात होतं, शुक्रवार ते रविवार. कार्डं छापखान्यातून शुक्रवारी सकाळीच आली. मी मागच्या खोलीत इस्त्री करत होते, मैत्रीण आणि तिची मावसबहीण बाहेर कपड्यांना कार्डं बांधत होत्या. दारं उघडली तेव्हा मी अजून एकही कार्ड वाचलेलं नव्हतं. साडीला इस्त्री नव्हती, कपाळावर घाम होता, तशीच बाहेर आले.

थोड्याच वेळात एक बाई माझ्याकडे आल्या. खादीची साडी, कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात चांदीचं काहीतरी वजनदार. मी बाही जोडतात त्या मुंढ्याची शिलाई कशी आत वळवलीय ते त्यांना दाखवत होते. त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि एकदम माझे दोन्ही हात हातात घेतले.

"म्हणजे हे हात तुमचेच का?"

मी हसले. म्हटलं, "हो, माझेच."

"फार मोठी झेप घेतलीत हो तुम्ही. आणि बोलता किती स्वच्छ! आपण शिकलात का थोडंफार?"

मला काही कळेना. मी पुण्यात जन्मले, पुण्यात शिकले, माझी आई मराठी शिकवायची. मी कसंनुसं हसून हात सोडवून घेतले आणि शेजारच्या कुडत्याचं कार्ड उलटून बघितलं.

वर आमच्या तिघांत पहिलं नाव मैत्रिणीचं. चित्रकार आणि संस्थापक, रंग आणि मौन यांच्यातल्या नात्याचा शोध घेते. मग मित्राचं. छापाचित्रकार आणि सहसंस्थापक. खाली रेघ. रेघेखाली 'या कपड्यामागचे हात' असा मथळा आणि माझ्या हातांचा फोटो. त्याखाली लिहिलं होतं: 'गावकुसाबाहेरच्या एका झोपडीतून सुरू झालेला या हातांचा प्रवास. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपेक्षेनंतर आज हे हात सन्मानाने कात्री धरतात. हा कुडता घेताना तुम्हीही त्या सन्मानात सहभागी होत आहात.' माझं नाव होतं, पण नुसतं पहिलं. हडपसरच्या दोघींचीही पहिलीच नावं, माझ्या नावाशेजारी, एका ओळीत. मैत्रिणीला आणि मित्राला आडनावं होती.

मी मैत्रिणीला शोधायला वळले, आणि दारातून आई-बाबा आत येताना दिसले.

बाबांनी पांढरा फुल शर्ट घातला होता, बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली. हातात पेढ्यांचा बॉक्स. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. मी पुढे होऊन त्यांना काहीतरी बोलण्यात गुंतवणार होते, पण बाबा समोर दिसेल तो कागद वाचल्याशिवाय राहत नाहीत, आयुष्यभराची सवय. त्यांनी पहिल्याच कुडत्याचं कार्ड हातात घेतलं, खिशातून चष्मा काढला आणि वाचलं. मग पुढच्या कुडत्याकडे गेले, त्याचं कार्ड वाचलं. मग त्याच्या पुढच्या. सगळीकडे तेच छापलंय का, हे ते बघत होते. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते असे गेले, कुठेही न थांबता, कुणाकडेही न बघता, आणि मी मधोमध उभी राहून त्यांची पाठ बघत होते. मला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं.

शेवटच्या कुडत्यापाशी मैत्रीण उभी होती. बाबांना ती ओळखत होती. आमच्या घरी येऊन, पाय वर घेऊन जेवलेली होती ती, आईच्या हातची बोंबलाची चटणी मागून घेऊन. तिने वाकून नमस्कार केला. म्हणाली, "काका, किती प्राउड वाटत असेल ना तुम्हाला! इतक्या स्ट्रगलमधून ही इथपर्यंत आली."

बाबा म्हणाले, "संघर्ष माझ्या वडिलांनी केला. हिने डिप्लोमा केला."

आवाज चढला नव्हता. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी तिच्या हातात दिला, कापडाचा पोत चांगला आहे असं म्हणाले, आणि आईला घेऊन निघाले. आईने माझ्या जवळून जाताना माझ्या साडीची निरी नीट केली.

मी दिवसभर तिथेच राहिले. का राहिले, मला आजही सांगता येत नाही. कुडते दाखवले, घड्या घातल्या, लोकांनी हात बघितले. संध्याकाळी दारं लागल्यावर मी मैत्रिणीला म्हटलं, "ही कार्डं आत्ताच्या आत्ता काढ."

तिला खरंच धक्का बसला. हेच मला सगळ्यात लागलं, की तिला खरंच काही कळलेलं नव्हतं. "का? खोटं काय आहे त्यात? तूच सांगितलंस ना सगळं?"

"मी तीन पिढ्या सांगितल्या. तुम्ही एकच ठेवली."

मावसबहीण समजुतीच्या सुरात म्हणाली, "ताई, कार्डवर जागा कमी असते. लोकांना कनेक्ट होईल असा एकच पॉइंट घ्यावा लागतो."

"मग चित्रकाराच्या आजोबांचा घ्यायचा. त्यांचा बंगला कसा झाला ते लिहायचं. कनेक्ट झाले असते लोक."

मित्र जमिनीकडे बघत म्हणाला, "मला वाटतं आपण सगळे दमलोय. आता छापून आलीयत. पुढच्या लॉटला बघू."

"पुढचा लॉट राहू दे. मला एवढंच सांगा, मी संस्थापक आहे की नाही?"

बाहेर कर्वे रस्त्यावर हॉर्न वाजत होते. मैत्रीण माझ्याजवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "अगं, आहेसच. पण आपण काय सांगितलंय लोकांना? हे आर्टिस्ट लोकांचं लेबल आहे. तू... तू कटिंग करतेस ना. तुझं महत्त्व कमी नाहीये त्याने. उलट तुझ्यामुळेच तर हे एथिकल आहे."

तिचं हे वाक्य मी तेव्हापासून मनात कितीतरी वेळा उलटंपालटं करून पाहिलं आहे, आणि ते कुठल्याही बाजूने सुधारत नाही. कापड पसरून हा पक्षी इथे बसव, ही फांदी तिथे थांबव, हे सांगणारी मी तिच्या लेखी कोण होते, ते मला तिथे एका दमात कळलं. मी तिला लेबल नैतिक करायला उपयोगी पडत होते. हातमागाच्या कापडासारखी.

"तुला लाज वाटते का तुझ्या मुळांची?" तिने विचारलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिलाच.

"लाज वाटली असती तर मी ती गोष्ट सांगितलीच नसती," मी म्हटलं. "मी ती तुला मैत्रीण म्हणून सांगितली. विकायला दिली नव्हती."

यावर ती रडायलाच लागली. मावसबहिणीने तिला पाणी दिलं, मित्राने खुर्ची दिली. मी उभीच होते. दुखावलेली मी आणि सगळे तिची समजूत काढतायत, असला तो देखावा. मी माझी कात्री, टेप आणि खाकी कागदांची गुंडाळी उचलली. कागदांवरून त्यांनी नक्कल कधीच काढून ठेवलेली होती, ती गोष्ट वेगळी. कार्डं तशीच लटकत राहिली. शनिवारी, रविवारी ती तशीच लटकत होती, आणि विक्री झकास झाली, असं मागाहून कानावर आलं.

घरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती. बाबा दिवाणखान्यात फोनवर बोलत होते. मी दारातच चपला काढत उभी राहिले. मला वाटलं, ते माझ्यावर चिडलेले असतील, निदान त्या लोकांवर तरी, आणि मी त्या चिडण्याची वाट बघत होते. त्यांनी काहीतरी बोलावं, मला चार शब्द सुनवावेत, म्हणजे मला मोकळेपणाने रडता येईल.

"जय भीम, साहेब," बाबा म्हणत होते. "हो, हो, ते उद्याचंच सांगायला फोन केला. अहो, ते प्रदर्शन लवकर आटोपावं लागलं. जागेची काहीतरी अडचण झाली म्हणे. नाही नाही, छान झालं, खूपच छान. आता पुढच्या वेळी नक्की या, वहिनींनाही आणा."

फोन ठेवला, दुसरा लावला. "नमस्कार. अहो, उद्या निघू नका तुम्ही..."

ते बाबांच्या जुन्या ऑफिसातले होते. मग विहारातले, मग आमच्या इमारतीतले, वरच्या मजल्यावरचे, शेजारच्या विंगमधले. त्यांनी शनिवार-रविवारसाठी सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं, मला न सांगता. मुलीने स्वतःचं लेबल काढलंय, म्हणून. एकेकाला तेच सांगत होते, तितक्याच शांतपणे, जागेची अडचण. नोकरीत एका फायलीवर खोटा शेरा मारला नाही म्हणून ज्यांची बदली झाली होती, ते माझे बाबा चष्मा लावून, फोनमधली नावं बघून बघून, एकामागून एक खोटं बोलत होते.

आईने आतून जेवायला हाक मारली. बाबांनी हाताने 'थांब' अशी खूण केली. मग त्यांनी मला बघितलं. जवळ बसायला सांगितलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "तू कुणाकुणाला बोलावलं होतंस? नंबर दे. त्यांनाही मीच सांगतो."